‘आय कट माय हेअर’: करून घेतलेलं काम इंग्रजीत सांगताना वाक्य कुठे अडकतं ते कसं शोधायचं

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं जरी तुमच्या तोंडून किंवा ईमेलमधून गेलेलं असेल, तर पुढचं वाचा.

“आय कट माय हेअर यस्टर्डे.” सांगायचं होतं की काल नवी पेठेत कटिंग करून आलो. समोरच्याला कळलं की तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवलीत.

“माय मदर डिड हर आय ऑपरेशन.” आईनं स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन स्वतःच उरकलं.

“माय फादर मेड मी टू टेक सायन्स.” अर्थ पोहोचतो, पण त्यात एक ‘टू’ फुकटचा आहे.

“आय गॉट द मेकॅनिक चेक द ब्रेक.” इथे उलटं, एक ‘टू’ गायब.

“आय हॅड रिपेअर्ड माय बाइक.” व्याकरण ठणठणीत, अर्थ भलताच. यातलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच, आणि ते का ते पुढे येईल.

“आय गॉट माय ब्लाउज स्टिच.” क्रियापदाची शेपटी तुटलेली.

आणि शेवटचं, “आय टोल्ड द टेलर, देन ही स्टिच्ड माय पँट.” यात चूक काही नाही. पण पाच शब्दांचं काम अख्ख्या गोष्टीत सांगावं लागतंय, म्हणजे आत कुठेतरी बिघाड आहे आणि माणूस त्याला वळसा घालून चाललाय.

सोलापुरात कन्ना चौकाजवळ मी संध्याकाळी इंग्रजीची बॅच घेतो, आणि दिवसा टॉवेल, चादरी, शाळेचे गणवेश बनवणाऱ्या काही कारखानदारांचे ईमेल तपासून देतो. बारावीचं पोरगं असो की तीस वर्षं धंदा केलेले शेठ, बिघाड हाच. इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता अर्ध्या वाक्यातच कळतं, तार कुठे तुटलीय. पुस्तकात याला कॉझेटिव्ह व्हर्ब म्हणतात, आपल्या शाळेच्या व्याकरणात प्रयोजक क्रियापद. नाव विसरलात तरी चालेल. मेक, हॅव, गेट, लेट आणि अधूनमधून हेल्प, ही पाच मंडळी ओळखीची झाली की पुरे.

एक विनंती, तपासणीचा क्रम मोडू नका. पंखा फिरत नसला तर आपण आधी बटण बघतो, मग रेग्युलेटर, मग कपॅसिटर. कोणी पहिल्या फटक्यात मोटर खोलत नाही. इथे मात्र लोक थेट सगळ्या टेन्सचा तक्ता काढून बसतात.

पहिली तपासणी: हात कोणाचे?

फुकटची तपासणी, दोन सेकंदांची. बोलण्याआधी स्वतःला विचारा, हे काम प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी झालं?

हे विचारावं लागतं, कारण मराठी ते सांगतच नाही. ‘मी केस कापले’, ‘बाबांनी दात काढला’, ‘ताईनं लग्नासाठी चार ब्लाउज शिवले’, ‘आम्ही दिवाळीत घर रंगवलं’. यातल्या एकाही वाक्यात कर्त्याचे हात कामाला लागलेले नाहीत, तरी ऐकणाऱ्याला काही अडत नाही. स्वतःचा दात स्वतः कोण काढतो? मराठीत पैसे ज्यानं दिले, काम त्याच्या नावावर. इंग्रजीत क्रियापदाच्या आधी जो बसलाय, त्याचेच हात धरले जातात.

आपल्या बॅचमध्ये एक सोय आहे, ती पुण्यातल्या मास्तरांना मिळायची नाही. अर्ध्या पोरांच्या घरी तेलुगू, पाव पोरांच्या घरी कानडी. तेलुगूत शिवणं म्हणजे ‘कुट्टु’ आणि शिवून घेणं म्हणजे ‘कुट्टिंचु’. कानडीत ‘होलि’ आणि ‘होलिसु’. क्रियापदाला एक तुकडा जोडला की हात बदलले. हिंदीतलं करना आणि करवाना हेही तसंच. त्यामुळे मी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी विचारतो, “घरी अम्मा काय म्हणेल, कुट्टिंचानु की कुट्टानु?” पोरगं हसतं आणि उत्तर बरोबर देतं. मराठीतही ‘शिवून घेतलं’ आहेच, पण बोलताना आपण ते खाऊन टाकतो. तेव्हा मराठी घरातल्यांनी एवढंच करायचं: इंग्रजी वाक्याआधी मनात ‘करून घेतलं’ म्हणून बघायचं. अर्थ तोच राहिला तर प्रयोजक लागणार. ‘मी जेवलो’चं ‘मी जेवून घेतलं’ होतं खरं, पण तिथे जेवणारे तुम्हीच असता. म्हणून प्रश्न हातांचाच विचारा.

इथे दोन अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर उद्या सगळ्याच वाक्यांत ‘हॅड’ घुसवाल.

इंग्रजीही दरवेळी इतकं काटेकोर नसतं. ‘शहाजहान बिल्ट द ताजमहाल’ हे वाक्य बिनचूक आहे, शहाजहाननं विटा वाहिल्या असं कोणी समजत नाही. ‘दे बिल्ट अ हाउस ऑन होटगी रोड’ हेही चालतं. बांधकाम, मोठे प्रकल्प, राजेमहाराजे यांना सूट आहे. शरीर, कपडे, गाडी, यंत्र, कागदपत्रं यांना नाही.

दुसरं म्हणजे मराठी क्रियापदात ‘व’ दिसला की प्रयोजक, असं धरून चालू नका. ‘आजी नातवाला चालवते’ यात प्रयोजक आहे. ‘आजीला आता चालवत नाही’ यात शक्य क्रियापद आहे, म्हणजे तिला चालणं जमत नाही. दोन्हींत ‘चालव’च. एका मुलीनं आजीला जिना चढवत नाही याचं भाषांतर केलं होतं, “द स्टेप्स डू नॉट मेक माय ग्रँडमदर क्लाइंब.” जिना आजीवर जबरदस्ती करत नाही, एवढं तरी कळलं. तिथे साधं ‘कान्ट क्लाइंब’ हवं.

दुसरी तपासणी: फ्यूज, म्हणजे ‘टू’

ही पण स्वस्तातली, फक्त पाठ करायची. मेक, हॅव, लेट यांच्यानंतर माणूस, आणि माणसानंतर थेट क्रियापद, मध्ये ‘टू’ नाही. गेटनंतर ‘टू’ हवाच. हेल्पला दोन्ही चालतं. झालं.

पाठ करूनही चुकतं ते का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. दोष पुन्हा मराठीच्या तारेत आहे. ‘मला सायन्स घ्यायला लावलं’. त्या ‘घ्यायला’मधला ‘यला’ आपण शाळेत ‘टू’ म्हणून शिकलोय: जायला म्हणजे टू गो, खायला म्हणजे टू ईट. मग ‘घ्यायला लावलं’चं ‘मेड टू टेक’ आपोआपच होतं. त्यात आस्क, टेल, फोर्स, अलाउ, वाँट या सगळ्या शेजाऱ्यांकडे ‘टू’ आहेच. मेककडे नाही, हे मन मानायलाच तयार नसतं.

वर आणखी एक गोंधळ. पेपरात आणि बातम्यांत ‘मेड टू’ दिसतं: “पॅसेंजर्स वर मेड टू वेट.” पोरं तेच कात्रण घेऊन माझ्याशी भांडायला येतात. बरोबर आहे त्यांचं. वाक्य पॅसिव्ह झालं की मेकचा ‘टू’ परत येतो. “दे मेड अस वेट” यात ‘टू’ नाही, “वी वर मेड टू वेट” यात आहे. पण ज्यानं थांबवलं तो वाक्याच्या सुरुवातीला असेल तर ‘टू’ बाहेर. लेटचं पॅसिव्ह करायच्या फंदात पडूच नका, तिथे ‘वॉज अलाउड टू’ म्हणा आणि मोकळे व्हा.

लेटबद्दल अजून दोन किरकोळ गोष्टी. भूतकाळातही ते लेटच राहतं, ‘लेटेड’ असा शब्द नाही. आणि ‘सर मला सोडत नव्हते’ याचं ‘सर वॉज नॉट लीव्हिंग मी’ करू नका, त्याचा अर्थ सर तुमची पाठ सोडत नव्हते असा काहीतरी निघतो. ‘जाऊ देत नव्हते’ म्हणायचंय ना, मग ‘वुडन्ट लेट मी गो’.

तिसरी तपासणी: मधला शब्द काम करतो, की त्याच्यावर काम होतं?

इथे थोडा वेळ द्या. निम्म्याहून जास्त बिघाड इथेच सापडतात.

गाइडमध्ये सोपा नियम असतो. हॅव किंवा गेटनंतर माणूस आला तर क्रियापदाचं पहिलं रूप, वस्तू आली तर तिसरं. ‘हॅड द टेलर स्टिच’, ‘हॅड द शर्ट स्टिच्ड’. सुरुवातीला हा नियम वापरा, बऱ्याच वाक्यांत तो टिकतो. शर्ट स्वतःला शिवू शकत नाही, तो शिवला जातो, म्हणून शिवला गेलेला या अर्थाचं तिसरं रूप. कारण एवढंच आहे.

पण हे कारण सोडून ‘माणूस की वस्तू’ एवढंच लक्षात ठेवलंत तर दोन ठिकाणी आपटाल.

एक, माणूस आहे पण काम त्याच्यावर होतंय. “आय हॅड माय सन व्हॅक्सिनेटेड.” मुलगा माणूसच आहे, पण सुई त्यानं टोचलेली नाही, त्याला टोचली गेलीय. म्हणून तिसरं रूप. दर जानेवारीत सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर निबंध लिहून घेतो तेव्हा हीच अडचण येते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. पोरं लिहितात, “द ब्रिटिश हॅड देम हँग.” म्हणजे ब्रिटिशांनी या चौघांच्या हातून दुसऱ्याच कोणाला फाशी देववली. भयंकर वाक्य आहे, आणि लिहिणाऱ्याला पत्ताही नसतो. “हॅड देम हँग्ड” पाहिजे. ‘हंग’ही नको. भिंतीवर कॅलेंडर असतं ते हंग, फाशीची शिक्षा दिलेला माणूस हँग्ड.

दोन, वस्तू आहे पण काम तीच करते. तासभर खटपट करून बोअरची मोटर सुरू केली: “आय गॉट द मोटर टू स्टार्ट.” इथे सुरू होण्याचं काम मोटर करतेय, म्हणून ‘टू स्टार्ट’. मेकॅनिकला बोलावून दुरुस्त केली तर “गॉट द मोटर रिपेअर्ड.” एकाच मोटरची दोन रूपं. हे दोन्ही ज्याला पटापट सांगता आलं, त्याचा हा धडा झाला असं मी समजतो.

आता हा बिघाड लपून का राहतो ते बघा. ‘कट’ची तिन्ही रूपं सारखीच. म्हणून ‘आय हॅड माय हेअर कट’ बरोबर आलं याचा अर्थ तुम्हाला जमलं असा होत नाही, नशिबानं वाचलात एवढाच होतो. दुसरी अडचण कानाची. ‘स्टिच्ड’मधला शेवटचा आवाज इतका बारीक असतो की व्हिडिओ ऐकून शिकणाऱ्याला ‘स्टिच’च ऐकू येतं. मग तो तसंच बोलतो, आणि तसंच लिहितो.

यावर वायरमनचा उपाय करा. होल्डर खराब आहे की बल्ब, हे कळायला तो चांगला बल्ब लावून बघतो. तुम्ही तुमच्या वाक्यात असं क्रियापद घाला ज्याची तिन्ही रूपं वेगळी आहेत: डू, डिड, डन. टेक, टूक, टेकन. राइट, रोट, रिटन. ‘आय गॉट माय फोटो टेक’ की ‘टूक’ की ‘टेकन’? कानाला लगेच कळतं. मग त्याच जागी मूळ क्रियापद त्याच रूपात बसवा.

ऑपरेशनचं वाक्य राहिलं. ‘शी हॅड हर आय ऑपरेटेड ऑन’, असं ते पूर्ण होतं, शेवटच्या ‘ऑन’सकट. तो ‘ऑन’ लोंबकळलेला बघून बऱ्याच जणांना खोडावासा वाटतो. खोडू नका. नाहीतर सरळ ‘शी हॅड अ कॅटरॅक्ट ऑपरेशन’ म्हणा. मी स्वतः दुसरंच वापरतो, सुटसुटीत.

चौथी तपासणी: शब्दांच्या जागा

“आय हॅड रिपेअर्ड माय बाइक” आणि “आय हॅड माय बाइक रिपेअर्ड.” शब्द तेच, फक्त बाइक उचलून मध्ये ठेवली. पहिल्या वाक्यात बाइक तुम्ही दुरुस्त केली, तीही भूतकाळातल्या दुसऱ्या कुठल्यातरी घटनेच्या आधी. दुसऱ्यात गॅरेजवाल्यानं केली.

असं होतं कारण मराठीत सगळी क्रियापदं वाक्याच्या शेवटी एकत्र उभी असतात. ‘बाइक दुरुस्त करून घेतली.’ आपण ती पूर्ण जुडी उचलून इंग्रजीत नेतो: हॅड रिपेअर्ड. इंग्रजीत ती जुडी फोडावी लागते आणि मध्ये वस्तू ठेवावी लागते. बॅचमध्ये मी तीन पोरांना उभं करतो, एक हॅड, एक बाइक, एक रिपेअर्ड, आणि बाइकला मध्ये घुसायला सांगतो. पहिल्या दिवशी पोरं ओरडतात, “सरक की बे!” पण मग विसरत नाहीत.

ही तपासणी चौथी ठेवली, कारण इथे मशीन मदतीला येत नाही. चुकीच्या जागेवरचं वाक्य व्याकरणात पक्कं असतं. मोबाइल किंवा कॉम्प्युटर त्याखाली लाल रेघ ओढत नाही. बाइक कोणी दुरुस्त केली हे त्याला काय माहीत?

एका टॉवेलवाल्यांचा किस्सा सांगतो. परदेशी गिऱ्हाइकाला त्यांनी लिहिलं, “वी हॅड चेक्ड द कन्साइनमेंट बिफोर डिस्पॅच.” मालाची तपासणी त्यांनी बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतली होती, पैसे मोजून. गिऱ्हाइकानं वाचलं की माल यांनीच तपासला. त्याचं उत्तर आलं, तुमची तपासणी ठीक आहे, पण आम्हाला त्रयस्थ तपासणी लागेल. यांनी परत तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात पाठवलं. दोन दिवस ईमेल इकडून तिकडे. रिपोर्ट शेठच्या ड्रॉवरमध्ये पडून. माझ्याकडे आले तेव्हा मी एक शब्द हलवला, “वी हॅड द कन्साइनमेंट चेक्ड”, पुढे ‘बाय’ घालून एजन्सीचं नाव लिहिलं आणि रिपोर्ट जोडायला सांगितला. शेठ म्हणाले, “एवढंच होतं होय?” एवढंच होतं.

तेव्हा ईमेल असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅड’वर बोट ठेवा आणि पुढचा शब्द बघा. तिथे लगेच क्रियापद दिसलं आणि काम दुसऱ्यानं केलेलं असेल, तर जागा चुकलीय.

पाचवी तपासणी: पाचांपैकी कोण?

इथपर्यंत व्याकरण होतं. आता माणसं येतात.

मराठीत ही वाटणी आधीच झालेली आहे, फक्त त्याकडे कोणी बोट दाखवत नाही. ‘करायला लावलं’ म्हणजे मेक. ‘करू दिलं’ म्हणजे लेट. ‘करायला मदत केली’ म्हणजे हेल्प. ‘करून घेतलं’ म्हणजे हॅव किंवा गेट. या शेवटच्या दोघांत फरक असा की, ज्याचं ते कामच आहे, सांगितलं की करतो, त्याच्यासाठी हॅव. जिथे पटवावं, मागे लागावं, चार फेऱ्या माराव्या लागतात तिथे गेट. वस्तू मध्ये आली की हा फरक फारसा उरत नाही. ‘हॅड इट स्टिच्ड’ आणि ‘गॉट इट स्टिच्ड’ यांतलं दुसरं थोडं बोलीतलं, एवढंच. माणूस मध्ये असलेलं ‘हॅड हिम डू’ अमेरिकन इंग्रजीत जास्त ऐकू येतं.

मेक सांभाळून वापरा. शेंगा चटणी तिखट निघाली, “द चटणी मेड माय आइज वॉटर”, यात जबरदस्ती कसली, हे आपोआप घडणं आहे. ‘मेड मी लाफ’ही तसंच. पण माणसानं माणसाकडून काम करवलं आणि तिथे मेक आलं, की समोरच्याला पर्याय नव्हता असा वास येतो. एका विद्यार्थिनीनं नोकरीच्या अर्जासोबत लिहिलं होतं, “आय मेड माय एचओडी साइन द फॉर्म.” जणू एचओडी, म्हणजे विभागप्रमुख मॅडमचा हात पिरगाळून सही घेतली. मेक काढून हॅव घातलं तर? ‘हॅड माय एचओडी साइन’ म्हटलं की एचओडी हिच्या हाताखाली काम करतात असं वाटायला लागतं. गेट घातलं तर मागे लागून सही घेतली, खरं तर तेच झालं होतं, पण अर्जात कशाला सांगायचं?

यावर एक युक्ती आहे. वडीलधारे, साहेब, सासरे यांच्याकडून काम झालं असेल तर माणसाला वाक्याच्या मधून उठवा आणि वस्तूला बसवा. “आय गॉट द फॉर्म साइन्ड बाय माय एचओडी.” कोणी कोणाला लावलं नाही, कोणी कोणाचा नोकर नाही, फॉर्मवर सही झाली. मराठीत आपण ‘सरांची सही घेतली’ म्हणतो त्याच्या जवळ जाणारं वाक्य.

सहावी तपासणी: प्रश्न, नकार आणि चोरी

थोडक्यात उरकतो. या रचनेतलं हॅव हे पूर्ण क्रियापद आहे, मदतनीस नाही. म्हणून प्रश्नात आणि नकारात ‘डू’ला बोलवावं लागतं. ‘हॅड यू युअर बाइक सर्व्हिस्ड?’ नाही, ‘डिड यू हॅव युअर बाइक सर्व्हिस्ड?’. ‘आय हॅडन्ट माय हेअर कट’ नाही, ‘आय डिडन्ट हॅव’. आणि ‘आय हॅव हॅड इट चेक्ड’ यात दोन हॅव शेजारी आले म्हणून घाबरू नका, पहिलं टेन्सचं, दुसरं करून घेण्याचं.

आता चोरी. “ही हॅड हिज मोबाइल स्टोलन ॲट द गड्डा यात्रा.” साचा तोच, हॅड, वस्तू, तिसरं रूप. पण पठ्ठ्यानं मोबाइल चोरून घेतला नाही, त्याचा चोरीला गेला. इंग्रजीत ही रचना अंगावर आलेल्या संकटालाही वापरतात. वाचताना गोंधळलात तर व्यवहाराच्या अकलेनं घ्या: गड्डा यात्रा भरते त्या होम मैदानावर कोण पैसे देऊन स्वतःचा मोबाइल चोरवेल? लिहिताना गोंधळ होईल असं वाटलं तर ‘हिज मोबाइल वॉज स्टोलन’ लिहा.

सातवी तपासणी: मदतनीस लागतोच का?

ही सगळ्यात अवघड, कारण इथे नियम संपतो आणि शब्दसंग्रह लागतो. मराठीत शिकणे, शिकवणे. इंग्रजीत ‘मेक लर्न’ नाही, ‘टीच’. खाऊ घालणे ‘मेक ईट’ नाही, ‘फीड’. दाखवणे ‘शो’, आठवण करून देणे ‘रिमाइंड’. इंग्रजीनं इथे वेगळेच शब्द ठेवलेत. ‘शी मेड द बेबी ईट’ म्हटलं तर बाळ नको नको म्हणत असताना कोंबलं असा अर्थ लागतो.

उलटही आहे. आपल्याकडे फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे अशा जोड्या. इंग्रजीत ‘ब्रेक’ एकटाच दोन्ही कामं करतो. पाणी उकळलं तरी बॉइल, मी उकळलं तरी बॉइल.

पण मला आवडतात त्या जुन्या जोड्या. मराठीत पडणे, पाडणे. मरणे, मारणे. आतला स्वर लांबला की प्रयोजक. इंग्रजीतही एकेकाळी असंच चालायचं, त्याचे अवशेष अजून आहेत: फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे. सिट आणि सेट. राइज आणि रेज. लाय आणि ले. म्हणजे ज्या लाय-लेमध्ये निम्मं जग अडखळतं, ती मुळात आपल्या पडणे-पाडणेसारखी जोडी आहे. हे कळल्यावर चुकायचं थांबतं असं नाही, मीही अजून ‘लेड’ लिहिताना एकदा थांबतो. पण का चुकतंय ते तरी दिसतं. या जोड्या रोज दोन या वेगानं वहीत उतरवून काढा, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

वरच्या पहिल्या चार तपासण्या घरी करा. त्यासाठी क्लास लावायची गरज नाही, माझाही नको. पाचवीला कोणीतरी ऐकणारा लागतो, कारण आपला सूर उद्धट लागतोय हे आपल्याला कळत नसतं. इंग्रजी नीट येणाऱ्या ओळखीच्या माणसाला दहा वाक्यं वाचून दाखवा आणि फक्त एवढंच विचारा, “यात मी कोणावर ओरडतोय असं वाटतं का?”

मूल लहान असेल, आणि कोणी काय केलं, कोणाकडून करवलं हा गोंधळ ते घरच्या भाषेतही घालत असेल, सांगितलेल्या गोष्टीचा क्रम त्याला लावता येत नसेल, तर इंग्रजीचा नाद सोडा. तो माझ्या हातातला बिघाड नाही. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पुढे वाचा-भाषातज्ज्ञ किंवा विशेष शिक्षकाकडे पाठवतील. व्याकरणाच्या वह्या भरून घेऊन त्या पोराला आणखी छळू नका.

धंद्याच्या करारात ‘आम्ही शिवतो’ आणि ‘आम्ही शिवून घेतो’ यातला फरक आला, तर ईमेलपुरतं मी बघेन, करारपत्र नाही. माल कोणाच्या कारखान्यात शिवला गेला यावर जबाबदारी ठरत असेल तर तिथे शब्द वकिलानंच घालावा.

आणि तक्रार, जबाब, प्रतिज्ञापत्र यांना तर हातच लावू नका. “ही मेड मी साइन” आणि “ही हॅड मी साइन” यांत बॅचमध्ये अर्ध्या गुणाचा फरक असेल, कागदावर तो बळजबरीचा आरोप आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 15 मध्ये बळजबरीची स्वतंत्र व्याख्या आहे. तुमच्यावर धमकी होती की नुसता आग्रह होता, ते तिथे पुराव्यानं बघतात. गेल्या पावसाळ्यात एक काका जमिनीच्या कागदावरचं असंच एक वाक्य दुरुस्त करायला घेऊन आले होते. ‘मेड’ होतं. त्यांना ते बदलून ‘गॉट’ करायचं होतं, कारण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की गॉट जास्त सोपं असतं. मी पेन खाली ठेवलं, चहा मागवला आणि त्यांना कोर्टाजवळच्या वकिलांकडे पाठवलं.